एका लोकप्रतिनिधीची वाटचाल आणि आपल्या नद्यांचा करार

आमदार काय करतो, असा प्रश्न शाळेतल्या मुलाला विचारला तर तो नागरिकशास्त्राच्या पुस्तकातले उत्तर देतो, "कायदे करतो." हाच प्रश्न पारावर विचारा. तिथे उत्तर येईल, "रस्ता मंजूर करून आणतो, बदलीचं काम करतो, लग्नाला येतो." यातले कोणतेच उत्तर खोटे नाही, पण लोकप्रतिनिधीचे एक मोठे काम या उत्तरांत येत नाही. ते काम कागदावर होते, बंद खोलीत होते, आणि त्याचे फळ वीस-तीस वर्षांनी कुणाच्या तरी शेतात उगवते. या कामाची ओळख करून घ्यायची, तर आपल्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील शंकरराव भाऊराव चव्हाण यांच्या कारकिर्दीइतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही. हिंगोली जिल्ह्यातल्या माणसाने तर ती जाणून घेतलीच पाहिजे. का, ते पुढे कळेल.

शंकररावांचा जन्म 14 जुलै 1920 रोजी पैठण येथे झाला. त्या वेळी पैठण काय, नांदेड काय, हिंगोली काय, सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. विधिमंडळ, मतदान, प्रतिनिधी हे शब्द आपल्या आजोबा-पणजोबांना ठाऊक नव्हते. अर्ज करावा आणि हुकमाची वाट पाहावी, एवढाच राज्यकारभाराशी रयतेचा संबंध. शंकररावांनी उस्मानिया विद्यापीठात कायद्याचे शिक्षण घेतले, वकिलीची सनद मिळवली आणि स्वामी रामानंद तीर्थांची हाक येताच वकिली बाजूला ठेवली. संस्थानाच्या सरहद्दीबाहेर ठिकठिकाणी स्वातंत्र्यसैनिकांची शिबिरे चालत. पैनगंगेपलीकडे उमरखेडला असे एक शिबिर होते, आणि त्या शिबिराशी शंकररावांचा संबंध होता. नदीच्या अलीकडे निजामाचे राज्य आणि पलीकडे स्वतंत्र भारत, अशी ती विलक्षण वेळ होती. 17 सप्टेंबर 1948 रोजी संस्थान मुक्त झाले.

येथे शिक्षकबंधूंना एक गोष्ट सुचवावीशी वाटते. आपल्या भागातल्या लोकांनी दहा वर्षांत तीन वेगवेगळ्या राज्यांच्या विधानसभा निवडल्या, हे मुलांना जरूर सांगा. 1952 साली मतदान झाले ते हैदराबाद राज्याच्या विधानसभेसाठी. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1957 चे मतदान त्या राज्यासाठी झाले. 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र झाला, आणि 1962 चे मतदान महाराष्ट्राच्या विधानसभेसाठी झाले. गाव जागच्या जागी, शेत जागच्या जागी; राज्य मात्र तीनदा बदलले. अशा वेळी आपले गाऱ्हाणे नव्या राजधानीत कोण मांडणार, हा साधा प्रश्न नव्हता.

शंकरराव 1952 च्या निवडणुकीत उभे राहिले आणि पडले. पडलेला उमेदवार घरी बसतो किंवा पक्ष बदलतो, असे आपण पाहतो. ते नांदेडचे नगराध्यक्ष झाले. गावचे नळ, गटारे, जकात आणि दिवाबत्ती यांचा हिशोब त्यांनी 1956 पर्यंत सांभाळला. सार्वजनिक कारभाराची बाराखडी त्यांनी गिरवली ती नगरपालिकेत. 1956 साली यशवंतराव चव्हाणांच्या मंत्रिमंडळात ते महसूल खात्याचे उपमंत्री झाले. पुढच्या साली धर्माबादहून विधानसभेवर निवडून आले. 1960 साली महाराष्ट्र झाला तेव्हा त्यांच्याकडे पाटबंधारे आणि वीज ही खाती आली, आणि थोडीथोडकी नव्हे तर बारा वर्षे ती राहिली. मुख्यमंत्री बदलले, यशवंतराव गेले, कन्नमवार आले, वसंतराव नाईक आले. पाटबंधाऱ्यांचे मंत्री तेच राहिले.

बारा वर्षे एकच खाते हातात राहिले, म्हणजे काय होते? धरणाचे काम असे असते की एक जण त्याची पाहणी करतो, दुसरा पायाचा दगड बसवतो, तिसऱ्याच्या काळात पाणी अडते आणि चौथ्याच्या काळात ते कालव्याच्या शेपटापर्यंत पोचते. त्यात मंत्री दर दोन वर्षांनी बदलला, तर प्रत्येक जण नवा नारळ फोडतो आणि जुन्या कामावर गवत उगवते. शंकरराव इंजिनिअर नव्हते. पण फाइल स्वतः वाचीत, आकडे पाठ ठेवीत आणि अधिकाऱ्याला तोंडी परीक्षेला बसवल्यासारखे प्रश्न विचारीत. म्हणून लोकांनी त्यांना 'हेडमास्तर' हे नाव दिले. ते काही सगळ्यांनी कौतुकाने दिलेले नव्हते. कडक माणसाजवळ गर्दी जमत नाही, हे शाळेत शिकलेल्या कुणालाही माहीत आहे.

आता जायकवाडीची गोष्ट पाहा. गोदावरीवर मोठे धरण बांधण्याचा विचार निजामाच्या काळातच झाला होता, आणि त्याची जागा होती बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ. पुढे जागा बदलून ती बरीच वर, पैठणला घेतली; नाव मात्र जुनेच राहिले. 18 ऑक्टोबर 1965 रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली, तेव्हा शंकरराव पाटबंधारे मंत्री होते. 24 फेब्रुवारी 1976 रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचे लोकार्पण झाले, तेव्हा ते मुख्यमंत्री होते. 27 दरवाजे, आणि जलाशय भरला म्हणजे सुमारे 102 टीएमसी पाणी. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, आपल्या भाषेत 2,832 कोटी लिटर. ज्या गावी जन्म झाला, त्याच गावाच्या उशाला हे धरण उभे राहिले. मात्र त्यासाठी पैठण, गंगापूर, शेवगाव, नेवासा या भागांतली शंभरावर गावे उठली. त्या माणसांचे घरदार नाथसागराच्या तळाशी आहे, हे धरणाचा इतिहास सांगताना वगळून चालणार नाही.

आपल्या भागाकडे या. पूर्णा नदीवर जिंतूर तालुक्यात येलदरी आणि तिच्या खाली औंढा तालुक्यात सिद्धेश्वर, ही जोडधरणे 1968 साली पूर्ण झाली. येलदरीला पाणी साठते, तिथे 22.5 मेगावॉटचे वीजघर आहे. खालच्या सिद्धेश्वरातून कालवे निघतात आणि वसमत, परभणी, नांदेडकडे जातात. वसमतच्या बाजूला हळद, ऊस आणि केळी दिसते, त्यामागे या पाण्याचा मोठा वाटा आहे. पैनगंगेवरील ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाची आखणीही याच काळातली. त्याचे ईसापूर धरण 1982 साली पुरे झाले. नदीच्या एका काठाला कळमनुरी तालुका, दुसऱ्या काठाला पुसद. त्याचा उपयुक्त साठा 964 दशलक्ष घनमीटर, म्हणजे सुमारे 34 टीएमसी.

परंतु श्रोतेहो, धरण बांधले म्हणजे पाणी आपले झाले, असे नाही. नदी राज्याची हद्द मानीत नाही. गोदावरी नाशिकला उगम पावते, मराठवाड्यातून जाते आणि धर्माबादजवळ महाराष्ट्र सोडते. पलीकडे, आज तेलंगणात असलेल्या निजामाबाद जिल्ह्यात, पोचमपाडचे मोठे धरण आहे. वरच्याने किती अडवायचे आणि खालच्याला किती सोडायचे, याचा तंटा पाच राज्यांत होता. तो सोडवायला केंद्र सरकारने 1969 साली न्यायमूर्ती बचावत यांच्या अध्यक्षतेखाली लवाद नेमला. खटला चालू राहिला. खटला चालू असेतो मोठ्या धरणाला मंजुरी मिळणे कठीण, आणि मंजुरी नाही म्हणजे पैसा नाही. भावकीत वाटणीचा दावा लागला की विहिरीचे काम थांबते, तसेच हे.

शंकरराव फेब्रुवारी 1975 मध्ये मुख्यमंत्री झाले. त्याच साली 6 ऑक्टोबरला त्यांनी आणि आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री जलगम वेंगळराव यांनी एका करारावर सह्या केल्या. त्याचा गाभा असा : गोदावरीवर पैठण धरणापर्यंत आणि पूर्णेवर सिद्धेश्वर धरणापर्यंत जेवढे पाणी येते, ते सगळे महाराष्ट्राने वापरावे. तिथून खाली पोचमपाडपर्यंतच्या टापूत महाराष्ट्राला नव्या कामांसाठी 60 टीएमसी पाणी घेता येईल. लवादाने जुलै 1980 मध्ये अंतिम निवाडा दिला, त्यात हा करार सामावून घेतला.

पाहिलेत? दोन राज्यांच्या वाटणीची एक खूण आपल्या औंढा तालुक्यात आहे. शेताच्या बांधावर दगड रोवतात, तसा सिद्धेश्वर हा पूर्णा नदीवरचा वाटणीचा दगड आहे. सिद्धेश्वरला सहल नेणाऱ्या गुरुजींनी मुलांना भिंत आणि दरवाजे दाखवावेतच. पण त्या भिंतीच्या वरचे पाणी आणि खालचे पाणी यांचा कायदा वेगळा आहे, हेही जरूर सांगावे.

असेच एक उदाहरण अमेरिकेत आहे. तिथल्या कोलोरॅडो नदीचे पाणी सात राज्यांना लागते. कोर्टात एकमेकांना खेचण्यापेक्षा राज्यांनी आपसांत लेखी करार करावा, ही कल्पना नेटाने मांडली डेल्फ कारपेंटर या वकिलाने. तोही आपल्या राज्याच्या सिनेटचा सभासद राहिलेला होता. 1922 साली करार झाला. नदीवर लीज फेरी नावाच्या ठिकाणी वरचा भाग आणि खालचा भाग अशी रेघ ठरवली आणि दोन्हींना सारखे पाणी नेमून दिले. पुढे लक्षात आले की करार करताना धरलेले पाणी नदीत दर वर्षी येतच नाही. शंभर वर्षे उलटली तरी तो करारच आधार आहे आणि तोच भांडणाचे कारणही आहे. कागद पक्का असतो, पाऊस पक्का नसतो. ही अडचण तिकडे आहे आणि इकडेही आहे.

आपला 1975 चा कागद किती दिवस जगला, याचा दाखला देतो. धर्माबाद तालुक्यात गोदावरीवर बाभळीचा बंधारा बांधायला घेतला, तेव्हा आंध्र प्रदेश सर्वोच्च न्यायालयात गेले. 28 फेब्रुवारी 2013 रोजी निकाल लागला. न्यायालयाने 1975 चा करार आणि लवादाचा निवाडा पुढे ठेवला, 60 टीएमसीच्या मर्यादेत 2.74 टीएमसीचा हा बंधारा बसतो असे मानले आणि अट घातली की 1 जुलै ते 28 ऑक्टोबर त्याचे दरवाजे उघडे राहतील. दर साली दरवाजे टाकायचा दिवस उजाडतो, तेव्हा ते काम होते ते अडतीस वर्षांपूर्वीच्या सहीला धरून दिलेल्या या निकालाने. ज्या धर्माबादने शंकररावांना पहिल्यांदा विधानसभेत पाठवले, त्याच तालुक्यात ही सही कामी आली. ती पाहायला ते नव्हते. 26 फेब्रुवारी 2004 रोजी त्यांचे निधन झाले होते.

आता दुसरी बाजू. तीही सांगितली पाहिजे, नाहीतर हा इतिहास न राहता आरती होईल.

करारात 'महाराष्ट्राने वापरावे' असे म्हटले; 'मराठवाड्याने' असे म्हटले नाही. पैठणच्या वर नाशिक-नगर भागात धरणे होत गेली आणि जायकवाडी अनेक वर्षे भरेनासे झाले. पूर्णेवरही वर बुलढाणा जिल्ह्यात खडकपूर्णा धरण झाले, त्याचा भार येलदरीच्या येव्यावर पडला. राज्याबाहेरच्या भावाशी वाटणी लिहून घेतली. घरातल्या भावांची वाटणी मात्र बोलण्यावरच राहिली. राज्यातल्या राज्यात समन्यायी पाणीवाटपाचा कायदा आला तो 2005 साली. हिंगोलीकरांचे दुःख तर आणखी जवळचे. सिद्धेश्वर आपल्या जिल्ह्यात, ईसापूर आपल्या हद्दीवर, पण कालवे उताराने जातात आणि उतार आहे नांदेड-परभणीकडे. सेनगाव, औंढ्याच्या माळावरचा शेतकरी पावसाकडेच पाहत राहिला. 'धरण उशाला, कोरड घशाला' असे लोक म्हणतात, ते उगाच नाही.

दुसरा ठपका राजकारणातला. 1975 ते 1977 या आणीबाणीच्या काळात शंकरराव मुख्यमंत्री होते. विरोधी पक्षांचे कार्यकर्ते तुरुंगात होते, वर्तमानपत्रांवर बंधने होती. 1976 साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे ते अमलात आले नाही, ही सुदैवाची गोष्ट. ज्या शिस्तीने फाइली हलल्या, तीच शिस्त वरून आलेला हुकूमही तितक्याच निमूटपणे राबवू शकते, हे या काळाने दाखवले. आणखी असे की गोदावरीचा करार याच दिवसांत झाला. तेव्हा त्याच्यावर गावोगाव चर्चा होण्यासारखी हवाच नव्हती.

पुढची कारकीर्द थोडक्यात सांगतो. मुख्यमंत्रिपद गेल्यावर 1978 मध्ये ते शरद पवारांच्या पुलोद मंत्रिमंडळात अर्थमंत्री होते. 1980 आणि 1984 साली नांदेडहून लोकसभेवर गेले. केंद्रात शिक्षण, नियोजन, संरक्षण, गृह अशी खाती सांभाळली. मार्च 1986 ते जून 1988 पुन्हा मुख्यमंत्री झाले, तेव्हा विधान परिषदेचे सभासद होते. त्या वेळी त्यांनी शून्याधारित अर्थसंकल्प आणला. मागच्या वर्षी एवढा खर्च झाला म्हणून यंदा त्यावर थोडा वाढवा, ही रीत सोडून प्रत्येक रुपयाचे कारण नव्याने सांगा, असा त्याचा अर्थ. घरची बाई महिन्याच्या सुरुवातीला किराण्याची यादी करते, तीच तऱ्हा. 1988 नंतर ते राज्यसभेत गेले आणि 2002 पर्यंत तिथे होते. 1991 ते 1996 सभागृह नेते आणि देशाचे गृहमंत्री होते. 6 डिसेंबर 1992 रोजी अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली ती याच काळात, आणि ते रोखता आले नाही हा दोष गृहमंत्री म्हणून त्यांच्याही पदरी आला.

विधानसभा, विधान परिषद, लोकसभा, राज्यसभा : या चारही सभागृहांत बसलेली माणसे थोडी. नागरिकशास्त्र शिकवताना या एका माणसाच्या आयुष्यावरून चारही सभागृहे समजावून सांगता येतील. विधानसभेत आपण थेट निवडून देतो, परिषदेत आडवळणाने. लोकसभेत देशभरातून थेट, राज्यसभेत आमदारांच्या मतांनी. एक बाब येथे खास सांगण्यासारखी आहे. संविधानाच्या 371 (2) या कलमाप्रमाणे मराठवाडा, विदर्भ आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी विकास मंडळे नेमण्याची वाट 9 मार्च 1994 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने मोकळी झाली. त्या वेळी गृहमंत्री शंकररावच होते. मागास भागाचा अनुशेष मोजायचा आणि तो भरून काढायला पैसा वेगळा काढायचा, हा त्या मंडळांचा हेतू. हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झाला, तेव्हा सिंचनाचा अनुशेष घेऊनच जन्माला आला. मंडळांची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली.

मग या कारकिर्दीतून आपण काय घ्यावे? माणूस मोठा की लहान, याचा निवाडा करण्याची आपल्याला घाई नाही. त्याने जो कागद मागे ठेवला तो वाचावा आणि जो ठेवायचा राहिला तोही ओळखावा. 1975 च्या सहीने दोन राज्यांतल्या वाटणीचा बांध घालून दिला. जिल्ह्या-जिल्ह्यांतली वाटणी, कालव्याच्या तोंडाच्या आणि शेपटाच्या शेतकऱ्यांतली वाटणी, ही पुढच्यांसाठी राहिली. ती सभेच्या टाळ्यांनी होणार नाही. तिला फाइल वाचणारा माणूस लागतो, आणि त्याच्यामागे फाइल मागणारे गाव लागते.

तेव्हा पुढच्या वेळी उमेदवार दारात येईल, तेव्हा रस्त्याचे बोला, दिव्याचे बोला. आणि जोडीला एवढे विचारा : "साहेब, सिद्धेश्वरच्या वर आमच्या वाट्याला किती पाणी लिहिले आहे? ईसापूरचे किती? कोणत्या कागदात?" उत्तर आले नाही तरी चालेल. प्रश्न विचारला गेला, हे तो घरी गेल्यावर विसरणार नाही. शाळेतल्या गुरुजींनी तर भिंतीवरच्या नकाशात पैठण, सिद्धेश्वर आणि बाभळी अशा तीन जागी तांबड्या खडूची खूण करावी आणि मुलांना म्हणावे, "पोरांनो, ही आपल्या पाण्याची हद्द. ही कुणी घातली, कधी घातली आणि आत काय राहून गेले, ते उद्या सांगा."